रीळाचं हँडल मुळातच मोडलं: मासा मोठा होता की रीळ कच्चं?

कृष्णाकाठ_चिकोडी
मंडळी, जरा डोकं लावा. रविवारी कल्लोळ-येडूर बंधाऱ्यावर बसलो होतो, शेंगपेंड आणि मैद्याचा गोळा, दुपारभर नुसत्या चिलाप्या आणि ऊन कलल्यावर जे लागलं ते थेट मधल्या धारेला निघालं, रॉडची पार कमान झाली, बराच वेळ झटापट करून शेवटी दमून भिंतीखाली आलं तर कटला. आता तिथं खाली उतरायला जागाच नाही म्हणून वरूनच गुंडाळत घेत होतो आणि निम्म्या भिंतीवर आल्यावर कट्ट करून आवाज, हँडल माझ्या मुठीत आणि रीळ रॉडला. मासा मिळाला, दोस्तानं दोरी टॉवेलात धरून वर ओढला, काट्यावर ८ किलोच्या जरासा वर भरला.
प्रश्न असा की रीळ ४००० साइझचं, खोक्यावर छापलंय मॅक्स ड्रॅग १० किलो, मासा ८ चा, मग मोडलं कसं? दुकानदार म्हणतोय हँडल वॉरंटीत येत नाही. घडीचं हँडल आहे, बटण दाबलं की दुमडतं तसलं. आता नवीन घ्यायचं तर कसलं घेऊ, की हेच दुरुस्त होईल?

निपाणीकर_भावा
भावा आधी कटल्याबद्दल अभिनंदन. मोडलेल्या जागेचा फोटो टाक, जवळून, उजेडात. आणि कंपनीचं नाव लिहू नकोस, मागं एकदा त्यावरनं इथं किती भांडण झालं बघितलंय की.

माशेखाऊ
कटल्याचं काय केलं ते कुणीच विचारत नाही? डोक्याचं कालवण?

कृष्णाकाठ_चिकोडी
डोकं शेजारच्या काकूनं नेलं ओ. फोटो टाकलाय. घडी पडते तिथं दोन कान आहेत बघा, मधनं पिन जाते, त्यातला एक कान सरळ तुटलाय आणि दुसरा पिळवटून मग तुटला असं वाटतंय.

तात्या_सदलगा
पोरांनो आमच्या वेळेला बाटलीला दोरी गुंडाळून दूधगंगेत शिवडा काढायचो. मोडायला हँडलच नव्हतं.

उद्यमबाग_ऑपरेटर
फोटो मोठा करून बघितला. मी फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये दोन्हीकडं राबलोय म्हणून सांगतो. तुटलेला भाग करडा, साखरेसारखा दाणेदार दिसतोय आणि कडेला कुठं वाकल्याची खूण नाही. म्हणजे हे डाय कास्टिंग आहे, ओतीव. ओतीव माल वाकून सांगत नाही, एकदम जातो. त्यात पिनेसाठी भोक पाडलेलं, म्हणजे अख्ख्या हँडलमध्ये सगळ्यात कमी धातू नेमका तिथं, आणि सगळ्यात जास्त वाकवायचा ताण पण नेमका तिथंच येतो, कारण मूठ टोकाला असते आणि ती दांड्याच्या बाहेर तीन-चार सेंटीमीटर निघालेली असते, त्यामुळं तुम्ही गुंडाळताना दांडा नुसता फिरत नाही, पिळतो पण.
दुसरी गोष्ट बारकाईनं बघा. डावीकडच्या कानाच्या वरच्या कडेला नखाएवढा भाग काळपट आहे आणि बाकीचा चकचकीत. चकचकीत तो रविवारी तुटलेला. काळपट तो आधीच फुटलेला, त्यात हवा पाणी तेल जाऊन रंग बदललाय. चीर जुनी आहे. कटल्यानं शेवटचा धक्का दिला एवढंच.

कृष्णाकाठ_चिकोडी
म्हणजे रीळ कच्चंच की मग! हेच तर म्हणतोय मी.

हिडकल_रविवार
थांब गा. ओतीव होतं हे खरं पण हिशोब पण बघ. त्या १० किलोचा आणि हँडलचा संबंधच नाही. मॅक्स ड्रॅग म्हणजे ब्रेक पूर्ण आवळल्यावर स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, किती ओढीला सरकायला लागेल तो आकडा. तेवढं वजन गुंडाळून वर घेता येईल असं कुणीच लिहिलेलं नाही.
आता तुझं रीळ घे. ४००० च्या भरलेल्या स्पूलचा व्यास साधारण ५ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या अडीच. गिअर रेशो ५.२:१ धर, हँडल एकदा फिरलं की रोटर, म्हणजे स्पूलभोवती दोरी गुंडाळणारा भाग, ५.२ वेळा फिरतो आणि दोरी येते ८२ सेंटीमीटर. हँडल ६ सेंटीमीटर लांब असेल तर त्याच फेऱ्यात तुझी मूठ फिरते जेमतेम ३८ सेंटीमीटर. हात कमी चालतो, दोरी दुपटीहून जास्त चालते, मग जोर पण दुपटीहून जास्तच लागणार. ८ किलो लटकलेल्या माशाला मुठीवर १७ किलोच्या वर. हे पण गिअरचं घर्षण आणि रोलरवर दोरी वळते तिथला तोटा न धरता. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असतो म्हणून घागर हलकी लागते, रीळात सगळं त्याच्या उलट केलेलं असतं कारण ते वजन उचलायला बनवलेलंच नाही, सैल दोरी भरभर गोळा करायला बनवलंय.
आणि पाण्यातला ८ किलोचा मासा आणि हवेत लटकलेला ८ किलोचा मासा यात लई फरक आहे. पाण्यात त्याचं वजन पाणीच पेलतं, तुला लागते ती फक्त त्याची ओढ. भिंतीवर चढवला की सगळं वजन दोरीवर, वर त्याच्या फडफडीचे हिसके.

निपाणीकर_भावा
नाद खुळा. शाळेत असं शिकवलं असतं तर मी इंजिनिअर झालो असतो.

खानापूरचा_गळ
हिडकलवाल्यांनी बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं, त्यात माझी भर. ड्रॅग नीट लावलेला असता तर मासा भिंतीवर चढलाच नसता, स्पूल सरकला असता. म्हणजे ड्रॅग गच्च आवळलेला होता हे नक्की. दोरी किती पौंडाची?

कृष्णाकाठ_चिकोडी
३० पौंड ब्रेड, विणलेली दोरी. आणि आवळला नसता तर वर कसा घेणार होतो की ओ? खाली पाणी, वर भिंत.

खानापूरचा_गळ
३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग ठेवायचा दोरी तुटायच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे तुझ्यासाठी साडेतीन ते साडेचार किलो. अंदाजानं नव्हे, हुक असलेला छोटा डिजिटल काटा मिळतो तो दोरीला अडकवायचा, रॉड नेहमीसारखी तिरकी धरायची, ओढायचं आणि स्पूल सरकतो तेव्हाचा आकडा बघायचा. घरी अंगणात पाच मिनिटांचं काम. गाठ जर कच्ची असेल तर अजून कमी ठेव, कारण ब्रेड गाठीत आधी तुटते.
आता लढवायची रीत. मासा ओढत असताना हँडल फिरवायचंच नाही. आजकालच्या बहुतेक स्पिनिंग रीळात अँटी-रिव्हर्स क्लच, म्हणजे रोटरला उलटं फिरू न देणारा भाग, रोटरच्या खाली पिनियनवर (छोट्या गिअरवर) बसतो, मासा ओढतो तेव्हा ती ओढ तिथंच अडते, हँडलपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. हँडलवर ताण येतो तो फक्त तू फिरवतोस तेव्हा. म्हणून रॉड सावकाश वर उचलायची, मासा त्यानं जवळ येतो, मग रॉड खाली नेता नेता सैल पडलेली दोरी गुंडाळायची. परत उचलायची. मासा पळाला तर पळू दे, ड्रॅग त्याचं काम करेल. एवढं केलं की हँडल कसलंही असू दे, त्याच्यावर किलो दोन किलोच्या वर जोर येत नाही.
आणि भिंतीवरनं वर घ्यायला रिंगाची जाळी कर. जाड तारेची नाहीतर सळीची दोन-अडीच फुटाची रिंग, खाली जाळी, चार दोऱ्या एकत्र आणून एक जाड नायलॉनची दोरी. खाली सोडायची, मासा आत घ्यायचा आणि जाळीची दोरी दोन हातांनी ओढायची. कारवारकडं जेट्टीवर सगळे तसंच करतात.

कारवार_बेळगाव
होय, जेट्टीवर रीळानं उचलणारा दिसला की जुने लोक हसतात. पण मी दुसरंच सांगायला आलोय. महिन्यातनं एखादवेळी कारवारला जाऊन तेच रीळ परत आणून मार्कंडेयवर वापरणारे आपल्यात बरेच आहेत. खाऱ्या पाण्यानं हँडल आतून खाल्लं जातं. ॲल्युमिनियमचा दांडा आणि स्टीलचा स्क्रू, मधे मीठ-पाणी, मग ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पावडर दिसते ना बोल्टाभोवती, तीच. घरी आल्या आल्या गोड्या पाण्यानं हळू शिंपडून धुवायचं, ड्रॅग आवळून, जोरात पाईप मारायचा नाही, नाहीतर मीठ बेअरिंगमधे आत जातं. वाळलं की हँडल काढून आट्यांना आणि षटकोनी शाफ्टला ग्रीस. मी हँडल कधीच लावलेलं ठेवत नाही, काढून ठेवतो.

तात्या_सदलगा
बाटली धुवायला लागत नाही.

निपाणीकर_भावा
तात्या तुम्ही आज फॉर्मात 😄
मी काय म्हणतो, मग लांब पॉवर हँडल लावलं तर? ऑनलाइन मिळतात की ८-९ सेंटीमीटरचे, मोठी गोल मूठवाले. हिशोबानं जोर कमी लागेल.

हिडकल_रविवार
मुठीवर जोर कमी लागेल हे खरं. १७ चा १२ च्या आसपास येईल. पण माणूस काय करतो, हलकं लागतंय म्हणून अजून जोरात फिरवतो. मग तेवढ्याच हाताच्या जोरात आतल्या गिअरवर दीडपट पीळ. स्वस्त रीळात मुख्य गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, हँडल वाचेल पण दात जातील. हँडल मोडलं तर शंभर-दोनशे रुपयात काहीतरी होतं, गिअर गेला तर रीळच गेलं. म्हणून माझं मत, लांब हँडल घे पण गिअर चांगला असेल तरच.
जास्त वजनाला खरं तर कमी रेशोचं रीळ. ४.५ च्या आसपास. सावकाश गुंडाळतं पण ताकद असते. समुद्रात मोठ्या माशाला दोन स्पीडची रीळं असतात, बटण दाबलं की खालचा गिअर, ती याचसाठी.

खानापूरचा_गळ
अडकलेला गळ सोडवताना पण हेच होतं बरं का, माशापेक्षा जास्त हँडलं त्यात मोडतात. हिडकल धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं त्या बाजूला बघा, खाली दगडच दगड, गळ अडकला की लोक रॉड ताठ धरून नुसतं फिरवत बसतात. ब्रेड ताणत नाही, नायलॉन जरा तरी लवतो, ही तेवढी पण लवत नाही, सगळा धक्का थेट कानावर. अडकलं की स्पूल हातानं दाबून धरायचा, रॉड दोरीच्या रेषेत सरळ करायची आणि चार पावलं मागं चालायचं. नाही निघालं तर दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढायची. हाताला गुंडाळायची नाही, टॉवेलात पण नाही, ब्रेड बोट कापते.
आणि गळ सोडवायला कृष्णेत उतरू नका. मगरी आहेत.

कृष्णाकाठ_चिकोडी
सगळं पटतंय पण एक गोष्ट पटत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीचं मामाचं रीळ आहे, त्यानं आम्ही काय काय उचललं असेल, त्याचं हँडल अजून शाबूत. मग तुम्ही म्हणता रीळ उचलायला नाही. पैसे मोजल्यावर एवढं तर टिकायला पाहिजे की.

उद्यमबाग_ऑपरेटर
ते टिकलं कारण ते घडीचं नसेल. बघ एकदा. दांडा अखंड आणि जाड असेल, किंवा स्क्रू-इन असेल.
दोन जाती सांगतो. एक आरपार शाफ्टची, रीळाच्या एका बाजूनं षटकोनी किंवा चौकोनी शाफ्ट आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं टोपीचा स्क्रू आवळतो. दुसरी स्क्रू-इन, हँडलच्या बुडालाच आटे, ते थेट गिअरच्या आट्यात बसतात. स्क्रू-इनला प्ले, म्हणजे खुळखुळ, नसतो, आणि पुढं गुंडाळताना ते आपोआप आवळत जातं. आरपारवाल्यात टोपी जरा सैल झाली की शाफ्ट भोकात आदळायला लागतो, प्रत्येक फेऱ्याला टक टक, त्यानं भोकाचे कोपरे गोल होतात आणि तोच धक्का दांड्यातनं घडीच्या कानाला जातो. तुझी जुनी चीर अशीच सुरू झाली असणार असा माझा अंदाज. हँडल धरून रीळ न फिरवता मागंपुढं हलवून बघायचं, बोटाला खुळखुळ लागली की टोपी आवळ, तरी राहिली तर भोक गेलं.
आवळायचं म्हणजे पकडीनं नव्हे, हातानं. ओतीव आटे पकडीनं जातात. बेटकास्टरला, म्हणजे ज्यात स्पूलच फिरतो त्या रीळाला, नटावर लॉक प्लेट असते आणि तिला एक चिमुकला स्क्रू, त्याला निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) थेंबभर चालतं. स्क्रू-इन हँडलच्या आट्यांना मात्र ते लावू नका, तिथं ग्रीस. नाहीतर उद्या हँडल निघणार नाही.

कृष्णाकाठ_चिकोडी
दुरुस्तीचं काय मग? इथं चिकोडीत वेल्डिंगवाला आहे, आर्गन पण करतो म्हणतोय. नाहीतर एम-सील?

उद्यमबाग_ऑपरेटर
एम-सील बादलीला लाव. 😄
वेल्डिंगला देण्याआधी तुकडा हातात तोलून बघ. जस्ताचं मिश्रण असेल तर आकाराच्या मानानं जड लागेल, त्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या अडीच पट. जस्ताचं ओतीव ३८५ डिग्रीच्या आसपास वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. वेल्डिंगवाल्यानं ॲल्युमिनियम समजून टॉर्च लावला तर हँडल त्याच्या टेबलावर सांडेल. ॲल्युमिनियमचं असेल तर आर्गननं जुळेल पण जुळलेल्या जागेच्या शेजारी धातू मऊ पडतो आणि आत बुडबुडे राहतात, त्यामुळं तिथंच परत जाणार. घडीच्या कानाला वेल्डिंगचा उपयोग नाही.
सरळ नवीन दांडा कर. घडी नकोच, पिशवीत ठेवताना काढून ठेव. ६०६१ किंवा ६०८२ ची ॲल्युमिनियम पट्टी ६ मिलीमीटरची चालेल, नाहीतर ३०४ स्टीलची ४ मिलीमीटर, स्टील जड पडेल पण मोडणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही छोट्या शॉपमधे मिलिंगवर होतं, रविवारी मशीन मोकळं असतं. कोपरे काटकोनात ठेवू नको, जिथं जाडी बदलते तिथं गोलाई दे, चीर कोपऱ्यातनंच सुरू होते. मूठ जुनीच वापर, तिच्या पिनेला पितळेचा बुश टाकून घे.
फक्त एक, सहा कोनी शाफ्ट जुनाच ठेव आणि दांडा त्याला बसव. तुझ्या रीळाचा षटकोन गावात जुळवायला बसलास तर प्ले राहणारच.

माशेखाऊ
एवढा खर्च करण्यापेक्षा निपाणीच्या बाजारात कटला किती किलो?

निपाणीकर_भावा
याला कुणीतरी जेवायला बोलवा रे आधी.

कारवार_बेळगाव
एक विचारतो, विषय जवळचाच आहे म्हणून. माझं स्क्रू-इन आहे, हँडल डावीकडनं उजवीकडं बदलायचंय आणि डावीकडचं काढताना गच्च बसलंय. मी नेहमीसारखं डावीकडं फिरवून सोडवतोय तर अजून आवळतंय.

उद्यमबाग_ऑपरेटर
डाव्या बाजूला उलटे आटे असतात. पुढं गुंडाळताना आवळत राहावं म्हणून. डावीकडनं बघितलं तर गुंडाळणं घड्याळाच्या उलट होतं, म्हणून तिथं डावे आटे, उजवीकडं साधे. रोटर एका हातानं धर आणि हँडल मागं फिरव, दोन्ही बाजूला हाच नियम, मागं फिरवलं की सुटतं. तुझं मिठानं धरलं असेल तर आधी बुडाला तेल टाकून रात्रभर ठेव, आणि पाना लावलास तर कापड गुंडाळून.

कारवार_बेळगाव
सुटलं! मागं फिरवलं आणि सुटलं. आटे पूर्ण पांढरे झालेत.

उद्यमबाग_ऑपरेटर
जुना दात घासायचा ब्रश आणि गोडं पाणी, वाळवून ग्रीस. आटे अर्ध्यापेक्षा जास्त खाल्लेले दिसले तर हँडल बदल, त्याच्यावर मोठा मासा घेऊ नकोस.

कृष्णाकाठ_चिकोडी
ऑपरेटर दादा, येत्या रविवारी मी बेळगावला येतोय लग्नाला, उद्यमबागेत येऊ काय रीळ घेऊन? काय काय आणू?

उद्यमबाग_ऑपरेटर
ये की. रीळ, मोडलेले दोन्ही तुकडे, शाफ्ट, टोपी आणि मूठ सगळं आण. दांडा किती लांब हवा ते आधी ठरव, मी म्हणेन ६५ मिलीमीटरच्या वर जाऊ नको तुझ्या गिअरला. दुपारी एकच्या आधी ये, नंतर आमच्याकडं लाइट जाते.

खानापूरचा_गळ
आणि येताना रिंगाच्या जाळीसाठी ८ मिलीमीटरची सळी पण वाकवून घे त्यांच्याकडनंच.